दोन बहिणी, येवल्याची पैठणी आणि मांजरपाटाचा ब्लाउज

लेडीज टेलरिंगवाल्या आम्ही बायका भेटलो की कटिंगवर, मशीनवर, अस्तराच्या भावावर तासन्तास बोलतो, पण माप देताना समोर उभ्या असलेल्या बाईचं काय होतं यावर कोणी फारसं बोलत नाही. म्हणून हे एक प्रकरण सगळं नीट लिहून ठेवतेय. मी नाशिकला इंदिरानगर भागात ब्लाउज आणि ड्रेस शिवते, लग्नाची कामं जास्त. ज्या दोघींबद्दल लिहितेय त्या सख्ख्या बहिणी आहेत, दोघींना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही. थोरलीला नवरी म्हणते, धाकटीला करवली, म्हणजे वाचताना गोंधळ नको.

नवरीचा साखरपुडा डिसेंबरात झाला, लग्न मे महिन्यात, संभाजीनगर रोडच्या एका लॉन्सवर. जानेवारी संपता संपता तिघी माझ्याकडे आल्या, दोघी बहिणी आणि त्यांची आई, म्हणजे काकू. पैठणी येवल्याहून आणलेली, मोरपिशी, काठ चांगला रुंद, आणि पिशवीतून ती बाहेर काढायच्या आधीच काकू म्हणाल्या, ताई ब्लाउज अडतीसचा कापा हां, तोपर्यंत ती बारीक होणारे. नवरी खाली बघत होती. मी टेप लावली तर छाती ४२, छातीखाली ३७, कंबर ३६, दंड १५. म्हणजे बेचाळीसच्या अंगाला अडतीसचा ब्लाउज, चार इंचांचा फरक, आणि पैठणीचा ब्लाउजपीस म्हणजे एकदाच कापायचं कापड, चुकलं तर दुसरा कुठून आणणार, तसाच काठ तसाच रंग पुन्हा मिळत नाही.

अशी मागणी काही नवीन नाही. लग्नाच्या सीझनमध्ये निम्म्या नवऱ्या तरी "थोडा टाइटच शिवा, मी कमी करतेय" असं म्हणतात. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे नवरी माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आली होती आणि कापड न देताच परत आली होती. कारण तिने नंतर सांगितलं. तिथे माप घेणारे मोठ्याने आकडे सांगत होते आणि पलीकडे वहीवर मुलगा लिहून घेत होता, छाती बेचाळीस, कंबर छत्तीस, दुकानात पाच-सहा बायका बसलेल्या, आणि वर म्हणाले कापड पुरणार नाही, बाहीला जोड द्यावा लागेल. आता कापडाचं म्हणणं खोटं नव्हतं, ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटरचा असेल आणि कोपरापर्यंत बाही हवी असेल तर बेचाळीसला खरंच ओढाताण होते. पण ते सांगायची एक रीत असते ना. कापड कमी आहे असं म्हणावं, तुम्ही जास्त आहात असं ऐकू जाईल असं बोलू नये. आकडे ओरडून सांगायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, कारण एक हात टेपवर असतो आणि लिहायला दुसरं माणूस लागतं, सोय म्हणून पडलेली सवय आहे ती, त्यात कोणाच्या मनात वाईट नसतं हे मला माहितीये. तरी जिचं अंग मोजलं जातंय तिला तो आकडा सगळ्या दुकानासमोर ऐकावा लागतो आणि तो ती घरी घेऊन जाते. ही सवय मोडायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट करवली. ती एकदम किडकिडीत, छाती ३०, वजन कॉलेजपासून हललेलं नाही. तिचं माप घ्यायला लागले तर ती हळूच म्हणाली, ताई मला पॅड टाका, आणि बाही लांबच ठेवा, हात दिसायला नकोत. म्हणजे बघा, थोरलीलाही हात झाकायचे होते आणि धाकटीलाही. एकीचे भरलेले म्हणून, दुसरीच्या काड्या म्हणून. साखरपुड्यात आत्या म्हणे दोघींना शेजारी उभं करून म्हणाली होती की हिचं थोडं हिला दे गं, सगळे हसले, या दोघीही हसल्या, फोटोत सुद्धा हसताना दिसतात. ते वाक्य दोघींनी मला वेगवेगळं, एकमेकींच्या पाठीमागे सांगितलं, आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीला त्याचं काही वाटलं नसणार.

आता मापांचं सांगते कारण खरं प्रकरण मला तिथे उलगडलं. दोघींची मापं मी एकाच पानावर शेजारी-शेजारी लिहिली होती, एकाच लग्नाचं काम म्हणून. शोल्डर दोघींचा १४. पाठीची उंची मानेपासून कंबरेपर्यंत दोघींची जवळपास सारखी. हाताची लांबी सारखी. हाडाची जेवढी मापं तेवढी दोघींची एक, आई-वडिलांकडून आलेला सांगाडा एकच, आणि मांसाची मापं पूर्ण वेगळी. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत नवरीचं ११, करवलीचं साडेनऊ. मी ते पान दोघींना दाखवलं. करवली कितीतरी वेळ शोल्डरच्या आकड्यावर बोट ठेवून बघत होती, म्हणाली आमचं काहीतरी सारखं आहे हे मला कोणी कधी सांगितलंच नाही.

हा शोल्डरचा मुद्दा रेडिमेड कपड्यांत फार छळतो. नवरीने रिसेप्शनसाठी गाऊन बघितले होते, मॉलमधे एका दुकानात, छातीत बसेल असा डबल एक्सेल घातला तर खांदा दंडावर उतरायचा आणि गळा पुढे पडायचा, खांद्यात बसेल असा घातला तर चेन अर्ध्यावर अडायची. ट्रायल रूममधून ती रडत बाहेर आली आणि घरी आल्यावर दोन दिवस फक्त सूप. तिला वाटलं तिचं अंग बिघडलेलं आहे. अगं अंग नाही, ग्रेडिंग. कंपनी काय करते, एका मधल्या साइजचा नमुना बनवते आणि मग प्रत्येक साइजला सगळीकडून ठरावीक वाढवत जाते, छाती वाढवली की खांदाही वाढवला, मुंढाही (बाही जोडतो तो बगलेचा घेर) वाढवला, उंचीही थोडी. पण बाईचं वजन वाढलं म्हणून तिचं खांद्याचं हाड रुंद होत नाही. आणि भरलेल्या छातीवरून कापड जाताना पुढची लांबी जास्त लागते, नवरीच्या बाबतीत पाठीपेक्षा पुढचा भाग चांगला दीड इंच जास्त लागत होता, रेडिमेडमध्ये तेवढा नसतो म्हणून टॉप पुढून वर उचलला जातो आणि मग आपल्याला वाटतं पोट दिसतंय.

हे साइजचे तक्ते आले कुठून हेही मी तिला सांगितलं, मला त्या विषयात रस आहे म्हणून वाचलेलं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये जवळपास १५ हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ मापं, आणि त्यातल्या फक्त गोऱ्या बायकांची मापं हिशेबात धरली. त्यावरून पुढे १९५८ मध्ये तिथे कपड्यांच्या साइजचं सरकारी मानक निघालं, आणि ते लोकांच्या अंगाला लागू पडेना म्हणून १९८३ मध्ये ते काढूनही टाकलं. आता तिथेही प्रत्येक कंपनी आपापला तक्ता वापरते आणि आपल्याकडेही तेच, म्हणून एकीकडे एल बसतो आणि शेजारच्या दुकानात डबल एक्सेलही बसत नाही. आपल्या अंगांचा हिशेब तर फार उशिरा सुरू झाला. निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयासोबत इंडिया साइज नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने घ्यायची असं ते काम. मुद्दा एवढाच की ज्या तक्त्यात आपली आई, मावशी, आत्या कधी मोजलीच गेली नाही तो तक्ता आपल्या अंगावर बसला नाही तर चूक अंगाची कशी होईल.

तर मी काय केलं. काकूंना सांगितलं की ब्लाउज बेचाळीसचाच कापणार. कारण साधं आहे, शिवलेला ब्लाउज आत घेता येतो, कापून टाकलेलं कापड वाढवता येत नाही. बाजूच्या शिलाईत चारही कडांना एकेक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवीन, म्हणजे ती बारीक झाली तरी आत घेऊ आणि वाढली तरी सोडू. काकूंना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की टाइट शिवलं तर तिला टार्गेट राहील. मी म्हटलं काकू, ब्लाउज टार्गेटसाठी नसतो, त्या दिवशी तिला सहा-सात तास त्यात बसायचंय, वाकायचंय, सप्तपदी चालायचीय, हात वर करून हार घालायचाय. मुंढा काचला तर ती हार घालताना हाताकडे बघेल का नवऱ्याकडे. यावर त्या गप्प बसल्या, हो पण म्हणाल्या नाहीत.

मग आधी मांजरपाटाचा, म्हणजे जाडसर कोऱ्या सुती कापडाचा, ब्लाउज केला. पैठणीला कात्री लावण्याआधी मी नेहमीच मांजरपाटावर ट्रायल करते, स्वस्त पडतं आणि त्यावर पेनाने खुणा करता येतात. नवरीला मी चार टक्सचा (छातीला आकार द्यायला घेतलेल्या चुण्यांचा) साधा न करता प्रिन्सेस कट केला, कारण भरलेल्या छातीला टक्स खोल घ्यावा लागतो आणि टोकाला चोच आल्यासारखं दिसतं, प्रिन्सेस कटमध्ये गोलाई शिलाईतच बसते. खांदा १४ च ठेवला. ट्रायलला तिने घातला, आरशात बघितलं, आणि मग हात वर केले, खाली केले, परत वर केले. खांदा हलला नाही. ती म्हणाली ताई हा माझाच आहे का. मांजरपाट, कच्ची शिलाई, हुकांच्या जागी टाचण्या, आणि तरी तिने तो काढायला इतका वेळ लावला की बाहेर बसलेली एक गिऱ्हाईक आत डोकावून गेली. माझ्या कामात यापेक्षा मोठी पावती नाही.

मार्चमध्ये गाडी घसरली. दुसऱ्या ट्रायलला ती आली तेव्हा छाती ४० वर आलेली, कंबरही कमी, काकू खूश, पण मुलीचा चेहरा उतरलेला आणि केस एवढे गळत होते की ट्रायल रूमच्या खुर्चीवर पडलेले दिसत होते. विचारलं तर डिसेंबरपासून सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणं, दुपारी काकडी, रात्री सूप, भात-पोळी पूर्ण बंद, आणि पाळी दोन महिने आलेली नाही. पाळीचं ऐकून मी तिथेच टेप खाली ठेवली आणि काकूंना म्हटलं, आज माप राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा. मी शिवणकाम करते, डॉक्टर नाही, पण एवढं मला कळतं. अचानक खूप कमी खाल्लं की केस लगेच गळत नाहीत, साधारण दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, म्हणून बायका शाम्पू बदलत बसतात आणि कारण ताटात असतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. तिला पीसीओएस निघालं, म्हणजे हार्मोन्सची गडबड, ज्यात पाळी बिघडते. डॉक्टरांनी वजनाबद्दल सांगितलं पण वेगळ्या भाषेत, की पीसीओएसमध्ये आपल्या वजनाच्या पाच-दहा टक्के कमी झालं तरी पाळी सुधारायला मदत होते, त्यासाठी उपाशी राहायचं नाही, सावकाश, आणि व्यायाम चालू ठेव. तिची कंबर ३६ इंच होती हे वर लिहिलंय, आणि भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर कंबर गेली की डॉक्टर सावध करतात, त्यामुळे तब्येतीचं काही नव्हतंच असं मी म्हणणार नाही. वजनावर बोलूच नये असं माझं मत नाहीच. डॉक्टरने केबिनचं दार लावून, रिपोर्ट बघून, काय खायचं ते सांगून बोलणं वेगळं आणि आत्याने हॉलमध्ये वीस माणसांत बोलणं वेगळं.

आणि याच भेटीत एक गोष्ट बाहेर आली जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. करवली सोबत गेली होती, डॉक्टरांनी सहज तिच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली आणि तिचंही रक्त काढायला सांगितलं. हिमोग्लोबिन नऊ. बाईचं बाराच्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. ही पोरगी जिना चढली की धापा टाकायची आणि सगळे म्हणायचे नाजूक आहे. अख्ख्या घराचं लक्ष थोरलीच्या पोळ्या मोजण्यात आणि धाकटीच्या ताटात काय चाललंय हे कोणी बघितलंच नव्हतं, कारण बारीक म्हणजे चांगलं हे गृहीतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आहे ना, २०१९-२१ चं, त्यात १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांमध्ये २४ टक्के जणी वजन जास्त असलेल्या आहेत आणि जवळपास १९ टक्के वजन कमी असलेल्या, आणि ॲनिमिया ५७ टक्के जणींना. हे आकडे वाचताना मला या दोघीच दिसतात.

त्यात नवरी एक वाक्य बोलली. म्हणाली पप्पा तर किती बारीक आहेत आणि शुगर त्यांनाच आहे. मला त्यावर पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आठवले. त्यांचं आणि ब्रिटनचे डॉक्टर यडकिन यांचं एकत्र उदाहरण २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं, दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, २२.३, आणि अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, आपल्याकडे हे खूप जणांचं असतं. म्हणून तर आपल्याकडे जास्त वजनाची रेघ बीएमआय २३ वर ओढतात, बाहेर ती २५ आहे. आणि हा बीएमआय मुळात १९ व्या शतकातल्या क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचा हिशेब, तो सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता, एकेका माणसाची तब्येत तपासत नव्हता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. डॉक्टरला तो आकडा कामाचा आहे, इतर तपासण्यांसोबत. नवरीच्या मोबाइलमधलं ॲप मात्र तिला रोज सकाळी लाल रंगात तोच एक आकडा दाखवत होतं. ते तिने मार्चमध्ये काढून टाकलं, मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच.

एप्रिलमध्ये ती परत जेवायला लागली, दोन पोळ्या, वरण-भात, चालणं चालू. छाती ४१ झाली. मे महिन्यात फायनल फिटिंगला ४१ च. म्हणजे अडतीसचा कापला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. माया होती, अर्धा-अर्धा इंच दोन्ही बाजूंनी आत घेतला, बाकी तशीच ठेवली. बाहीला काठ पुरेना म्हणून तो फक्त दंडाशी लावला आणि वरचा भाग साध्या कापडाचा ठेवला, जोड कुठे आहे ते सांगितल्याशिवाय कळत नाही. बाही कोपरापर्यंत ठरली होती, तिने शेवटच्या ट्रायलला स्वतःहून सांगितलं दोन इंच वर घ्या ताई, मे महिन्यात उकडेल.

करवलीला पॅड टाकले नाहीत. टाकायला माझा विरोध नाही, जिला हवेत तिने जरूर टाकावेत. पण तिला मी आधी पॅडशिवायचा ब्लाउज घालून दाखवला, तिच्या छातीला टक्स उथळ घेतला आणि मुंढा वर चढवला, कारण बारीक अंगाला मुंढा खोल गेला की बगलेत झोळ येतो आणि त्या झोळामुळेच छाती नसल्यासारखं दिसतं. तिची सगळी तक्रार त्या झोळाची होती. लांब बाही मात्र तिने लांबच ठेवली. तिचा निर्णय, मी काही बोलले नाही.

सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. लग्नात कोणीतरी नवरीला म्हणालंच की अजून थोडी कमी झाली असतीस तर, आणि तिने मला ते फोनवर सांगितलं तेव्हा आवाज बारीक झालेला होता. रिसेप्शनचा गाऊन शेवटी भाड्याने घेतला आणि त्याचा खांदा मी आतून टीप मारून वर उचलला, तरी दर थोड्या वेळाने तिचा हात खांद्याकडे जात होता असं करवली म्हणाली. करवलीच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय की हिमोग्लोबिन वर आलं तरी काही महिने बंद करायच्या नाहीत. आता "सुटलीस गं" असं कोणी म्हणेल का याची भीती ती बोलून दाखवते, म्हणजे बारीक असतानाही भीती आणि भरली तरी भीती, याला काय म्हणावं मला कळत नाही, रागच येतो.

माझ्याकडे या प्रकरणानंतर एक नियम पक्का झाला, आकडा मोठ्याने सांगायचा नाही. टेप लावणारीनेच लिहायचं, वेळ जास्त लागतो, लागू दे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी पहिल्या दिवसापासून हेच शिकवते, आणि "कमी केलं पाहिजे", "अंगावर काही धरत नाही" ही वाक्यं दुकानात बोलायची नाहीत, गिऱ्हाईक स्वतः म्हणाली तरी हो ला हो लावायचं नाही, कपड्याबद्दल बोलायचं.

काकू परवा एकट्याच आल्या होत्या. त्यांचा स्वतःच्या लग्नातला शालूचा ब्लाउज घेऊन, कितीतरी वर्षं कपाटात ठेवलेला, परत बसेल म्हणून. आता तो वाढवून मागत होत्या. मी उलटा करून बघितला तर त्यात माया अजिबात नव्हती, जेमतेम पाव इंच, जुन्या टेलरने सगळं कापून टाकलेलं. मग शालूच्या आतल्या टोकाचं थोडं कापड काढून दोन्ही बगलांखाली पट्टी घालायची असं ठरवलंय. टेप लावताना त्यांनी पोट आत ओढलं, मी म्हटलं काकू श्वास सोडा, तेव्हाचं माप घेते. पाठीवर हुक नव्याने लावावे लागतील, गुरुवारी न्यायला येणारेत.